विषय : बार्सेलोनातील मानवी मनोरे आणि लहान मुलांची सुरक्षितता

सर्व सभासदांस सादर नमस्कार.

बार्सेलोनाला शिकायला गेलेल्या आपल्या विद्यार्थिनी सभासदाने ला मेर्से उत्सवातील मानवी मनोऱ्यांची छायाचित्रे पाठवली, ती सर्वांनी पाहिली असतीलच. आठ थर आणि वर इवलेसे मूल पाहून मला कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटली. महाराष्ट्रात १४ वर्षांखालील मुलांना दहीहंडीच्या थरांवर चढवण्यास मनाई असताना तेथे हे कसे चालते, याचा तिने खुलासा करावा, ही विनंती.

— एक ज्येष्ठ सभासद

काकांस सादर नमस्कार.

आपली शंका रास्त आहे. येथे विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचीही पथके असतात व त्यांपैकी एका पथकाच्या सरावाला मी जाते. मनोऱ्याच्या तळाशी दाटीने उभ्या राहणाऱ्या गर्दीला 'पिन्या' म्हणतात. तीत नवख्यांनाही सामावून घेतात, म्हणून माझीही वर्णी लागली. पुढच्याच्या पाठीला छाती भिडवून, मान खाली घालून उभे राहायचे असल्याने वर काय चालले आहे ते दिसत नाही. ते 'ग्राल्या' या सनईच्या जातीच्या वाद्यावरील सुरावटीवरून ओळखायचे. कोणी पडलेच तर ते बहुधा या गर्दीच्या अंगावर पडते, फरसबंदीवर नाही. कमरेला घट्ट गुंडाळलेला कापडी पट्टा पाठीला आधार देतो आणि चढणाऱ्याला पाय रोवायला जागाही. पिन्या नीट बसली नाही असे पथकप्रमुखाला वाटले, तर वरचे थर चढण्याआधीच सारे मोडून पुन्हा बांधतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

तरीही धोका उरतोच. २००६ साली वरच्या थरावरून पडून एका मुलीचा मृत्यू झाला आणि त्यानंतर मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आले.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो मोजणीचा नियम. वरच्या मुलाने हात उंचावला की मनोरा चढला, एवढेच मानतात. थरामागून थर सुखरूप उतरले तरच तो पूर्ण झाला असे धरतात आणि त्यालाच अधिक गुण मिळतात. आमच्या गावी हंडी फुटल्यावर थर कसे उतरले, हे कोणी विचारलेले मला आठवत नाही. (या मनोऱ्यांना स्पॅनिश म्हटले की पथकातले लोक 'कॅटलान', म्हणजे बार्सेलोना ज्यात आहे त्या कॅटलोनिया प्रांताचे, अशी दुरुस्ती करतात, एवढे मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावे.)

— आपली नम्र, विद्यार्थिनी सभासद

सर्वांस नमस्कार.

खुलासा पटला, लहान मुलाला वर चढवणे मात्र अजूनही पटत नाही. येत्या गोपाळकाल्याला तीनच थर लावावेत, वर प्रौढ व्यक्तीच असावी आणि बक्षीस सर्वजण खाली उतरल्यावरच द्यावे, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे मांडत आहे. हरकत असल्यास बैठकीपूर्वी कळवावे.

— एक ज्येष्ठ सभासद