एनव्हीएमई अडॅप्टर लावल्यावर वाय-फाय कार्ड गायब

चाळीतला_सीपीयू: नमस्कार मंडळी. बी४५० चिपसेटचा बोर्ड, रायझन ५ ३६००. ग्राफिक्स कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये, बोर्डावरच्या एम.२ मध्ये (चपट्या डिस्कच्या खाचेत) विंडोजची ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची डिस्क), छोट्या एक्स१ स्लॉटमध्ये वाय-फाय कार्ड. काल लॅमिंग्टन रोडवरून दोन एम.२ बसणारा अडॅप्टर आणून खालच्या लांब स्लॉटमध्ये लावला. त्यात १ टीबीची नवी एनव्हीएमई आणि जुनी २५० जीबीची साटा (जुन्या, हळू जोडणीची) एम.२ आहे. आता वाय-फाय कार्डाचं डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावच नाही, जुनी एम.२ दिसत नाही, आणि नवीचा वेग सेकंदाला १६०० एमबीच्या वर जात नाही. डब्यावर ३५०० लिहिलंय. ड्रायव्हर तीनदा टाकले. अडॅप्टर परत करू का?

सोल्डर_दादरकर: परत नका करू. तीन दुखणी, तीन कारणं, आणि ड्रायव्हरचा एकातही संबंध नाही.

वाय-फाय: पिवळं चिन्ह दिसलं असतं तर ड्रायव्हरवर संशय घेतला असता. नावच नाही, म्हणजे त्या स्लॉटला लेनच (डेटाची वाट) मिळत नाहीये. बी४५० कडे स्वतःच्या जेमतेम ६ लेन असतात, त्यातली एखादी बोर्डावरचं लॅन खातं. म्हणून बरेच उत्पादक खालच्या लांब स्लॉटच्या लेन एक्स१ स्लॉटांबरोबर वाटून देतात. खाली चार लेनचं कार्ड बसलं की एक्स१ बंद. मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं, तेवढंच कोणी वाचत नाही. काही बोर्डांच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) खालचा स्लॉट एक्स२ वर, म्हणजे दोन लेनवर, ठेवता येतो, मग एक्स१ जागा होतो. तो पर्याय नसेल तर यूएसबी वाय-फाय घ्या.

वेग: चिपसेटच्या या लेन पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या, प्रत्येकी सेकंदाला ५०० एमबी. चार मिळून कागदावर २०००, हातात १६००च्या आसपास. बोर्डावरचं एम.२ थेट प्रोसेसरला जोडलेलं असतं, तिसऱ्या पिढीचं. नवी तिथे आणि विंडोजवाली अडॅप्टरवर, अशी अदलाबदल करा. यूईएफआय मोडमध्ये (बायोसच्या नव्या पद्धतीत) अडॅप्टरवरूनही विंडोज सुरू होतं.

जुनी एम.२: अशा अडॅप्टरची साटा बाजू स्लॉटमधून फक्त वीज घेते. डेटासाठी अडॅप्टरवरच्या साटा कनेक्टरपासून बोर्डाच्या साटा पोर्टापर्यंत केबल लावावी लागते. ती लावलीय का?

खडखड_पंखा: दादरकरांशी सहमत. फक्त बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी मशीन तीच मागत बसेल.

साटा डिस्क दिसली नाही तर पोर्ट बदलून बघा. काही बोर्डांवर एम.२ भरलं की शेवटचे दोन साटा पोर्ट बंद पडतात. आणि वाय-फाय कार्ड काढलंच आहे तर त्याचे सोनेरी दात आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. समुद्राच्या हवेत त्यांच्यावर थर चढतो, मग कार्ड कधी दिसतं, कधी नाही. आधी मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा, हे वेगळं सांगायला नको.

चाळीतला_सीपीयू: केबल पिशवीतच राहिली होती! ती लावली, डिस्क दिसली. बायोसमध्ये एक्स२ केलं, वाय-फायही आलं. पण आता मशीन जुन्या डिस्कवरच्या विंडोजमध्ये सुरू होतं.

सोल्डर_दादरकर: एक्स२ वर त्या स्लॉटचा वेगही निम्मा, साधारण ८०० एमबी, हे ध्यानात असू द्या. म्हणजे अदलाबदल आता जास्तच गरजेची.

जुन्या डिस्कवर तिचा स्वतःचा विंडोज बूट मॅनेजर आहे. बायोसच्या बूट यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी असतील. ज्या नोंदीपुढे ५०० जीबीच्या डिस्कचं मॉडेल आहे ती पहिली ठेवा. जुनीवरचं हवं ते कॉपी करून घेतल्यावर नुसता सी ड्राइव्ह फॉरमॅट करू नका, बूटचं छोटं पार्टिशन तसंच राहतं. डिस्कपार्टमध्ये (विंडोजच्या डिस्क हाताळायच्या कमांड प्रोग्रॅममध्ये) ‘लिस्ट डिस्क’ने २५० जीबीवाल्या डिस्कचा क्रमांक पाहा, ती निवडा आणि मगच ‘क्लीन’ (सगळी डिस्क पुसणारी आज्ञा) द्या. तो क्रमांक दोनदा तपासा, ‘क्लीन’ पुन्हा विचारत नाही.