होम वॉरंटी घेण्याआधी घरात काय काय तपासलंत? अनुभव लिहा

मंडळी, माझा धाकटा भाऊ आणि वहिनी डॅलसजवळ पहिलं घर घेताहेत. पुढच्या महिन्यात क्लोजिंग, म्हणजे पैसे देऊन घर नावावर करून घेणं, आहे. विकणारा एक वर्षाची होम वॉरंटी देतोय म्हणून दोघं निर्धास्त आहेत. मला मात्र धास्ती वाटते, कारण आमच्या घराचं जे झालं ते मी विसरलेले नाही.

आम्ही मार्चमध्ये राहायला गेलो आणि जुलैत एसी बंद पडला. टेक्निशियन आला, भेटीचे 100 डॉलर घेतले आणि बाहेरच्या युनिटचं झाकण काढलं. आत कॉइलवर धूळ आणि कापलेल्या गवताचा बोटभर जाड थर, अगदी घोंगडीसारखा. त्याने फोटो काढला. दोन दिवसांत वॉरंटी कंपनीचं उत्तर आलं : देखभाल केलेली नाही, क्लेम नामंजूर. चार महिन्यांत एवढा थर बसत नाही, हे कुणालाही कळेल. पण ते दाखवायला आमच्याकडे मार्चमधला एकही फोटो नव्हता. 

नवीन लोकांसाठी सांगते, होम वॉरंटी म्हणजे घराचा विमा नव्हे. आग, वादळ, चोरी हे विम्यात येतं. वापरून झिजलेला एसी, फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र), वॉटर हीटर, वायरिंग, नळ, डिशवॉशर हे वॉरंटीत. बहुतेक करारांत ‘बिघाड आधीपासूनचा होता’ आणि ‘निगा राखली नाही’ ही दोन कारणं पैसे नाकारायला पुरतात. म्हणून तुम्ही आधी काय पाहिलंत, काय राहून गेलं, ते सविस्तर लिहा. भावाला वाचायला देणार आहे.

एडिसन, न्यू जर्सी
आम्ही जानेवारीत घर घेतलं. खरेदीआधी घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने एसी चालवलाच नाही. बाहेर 60 फॅरनहाइटच्या खाली असेल तर कॉम्प्रेसरला इजा होऊ शकते, म्हणून ते सहसा चालवत नाहीत. रिपोर्टात ‘तपासला नाही’ असं स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही ते वाचलं आणि पुढे गेलो. मे महिन्यात गार हवा येईना. तेव्हा पहिल्यांदा युनिटवरची पाटी नीट पाहिली. आमच्या ब्रँडमध्ये सिरियल नंबरचे पहिले चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. आमचे होते 3406, म्हणजे 2006चा 34वा आठवडा. आत थंडावा देणारा गॅस जुना, आर-22. अमेरिकेत त्याचं उत्पादन आणि आयात 1 जानेवारी 2020पासून बंद आहे, जुना साठा किंवा परत मिळवलेला गॅसच मिळतो, तोही महाग. करारात गॅसच्या खर्चाला मर्यादा होती, वरचे सगळे पैसे आम्ही भरले. भावाला सांगा, प्रत्येक यंत्राच्या पाटीचा फोटो काढ. पाच मिनिटांचं काम आहे.

फिनिक्स, ॲरिझोना
इथलं पाणी जड, क्षारांचं. घर दुसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हा मी गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं सोडून ठेवला आणि वॉटर हीटरपाशी जाऊन उभी राहिले. आतून मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा आवाज येत होता. तळाला साचलेल्या गाळाखाली पाणी उकळतं, त्याचा तो आवाज. विकणाऱ्याच्या परवानगीने प्लंबर आणला. त्याने खालच्या तोटीतून बादलीभर पाणी काढलं, तर पांढरी वाळूच वाळू. मग ॲनोड रॉड बाहेर काढला. टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी ही कांडी, आमची झिजून नुसती तार उरली होती. विकणाऱ्याने क्लोजिंगच्या आधी नवा हीटर बसवून दिला. प्लंबरची पावती मी वॉरंटीच्या कागदांसोबतच ठेवली आहे.

शिकागो
1950च्या दशकातलं घर. सांडपाण्याची लाइन भाजलेल्या मातीच्या पाइपांची. नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये ती येत नाही, कॅमेरा वेगळे पैसे देऊन घालावा लागतो. आम्ही घातला, तर अंगणातल्या झाडाची मुळं पाइपात. वॉरंटीच्या करारात मुळांमुळे तुंबणं वगळलेलंच होतं. किंमत कमी करून घेतली.

पुणे
आमच्याकडे अशी वॉरंटी नाही, पण रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या कलम 14(3)प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणून ताब्याच्या दिवशी मी आणि बाबा मोबाइलचा चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेट फिरलो, प्रत्येक बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं. एका ठिकाणी पाणी जाळीकडे न जाता दाराकडे आलं. त्याच संध्याकाळी यादी लिहून दिली आणि पोच घेतली. एक गोष्ट मात्र उशिरा कळली. बिल्डरने बसवलेल्या गीझरची वॉरंटी त्याच्या खरेदीच्या तारखेपासून मोजतात, आमच्या ताब्यापासून नाही. बिलाची प्रत आधीच मागा.

डॅलस (धागाकर्ती)
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी भाऊ इन्स्पेक्टरबरोबर जातोय, पाट्यांचे फोटो आणि हीटरची बादली दोन्ही सांगितलंय. एक अजून विचारायचंय. तिथला गॅसचा फर्नेस 2004चा आहे. त्याच्या हीट एक्स्चेंजरला (जळालेला वायू घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणारा भाग) तडा असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो, आणि साध्या पाहणीत तो भाग बहुतेक दिसतच नाही. कुणी त्यासाठी वेगळा हीटिंगवाला बोलावून तपासून घेतलंय का? शनिवारच्या आत कळलं तर बरं होईल. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे.