शब्दचर्चा : 'कबुलीजबाब' की आणखी काही?

सायली_वाचते
दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. विषय: नशेतून बाहेर आलेले आणि त्याबद्दल स्वतःच्या नावानिशी लिहिणारे पत्रकार. मुख्य माणूस न्यूयॉर्क टाइम्सचा दिवंगत स्तंभलेखक डेव्हिड कार. ऐंशीच्या दशकात मिनिआपोलिसमध्ये बातमीदारी करता करता आधी कोकेन, मग क्रॅक, म्हणजे कोकेनचाच ओढायचा प्रकार. १९८८ साली जुळ्या मुली झाल्या, त्या पुढे यानेच वाढवल्या. २००८ साली सगळं पुस्तकात लिहिलं. संपादकांनी शीर्षकात 'कबुलीजबाब' घातलाय. खटकतोय, पण त्यांना पटेल असं कारण सापडत नाही. शिवाय अशा माणसाला लेखात म्हणायचं काय? व्यसनी, नशेबाज, गर्दुल्ला?

रात्रपाळी
खटकणारच. 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य आम्ही रोज पानात लावतो. त्यात विचारणारा खुर्चीत असतो आणि सांगणाऱ्याला सुटका नसते. गंमत म्हणजे पोलिसापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यातही नाही, आताच्या साक्ष्य अधिनियमातही नाही. २०२० साली तोफान सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने अमली पदार्थ कायद्याखाली अधिकाऱ्यांनी घेतलेल्या कबुल्यांनाही हेच लावलं.

आणि कारने नेमकं उलटं केलंय. स्वतःच्या आठवणीवर विसंबायचंच नाही असं ठरवून तो रेकॉर्डर आणि कॅमेरा घेऊन साठेक लोकांना भेटला, पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद काढले. एका रात्री मित्राने आपल्यावर पिस्तूल रोखलं होतं असं त्याला वर्षानुवर्षं आठवत होतं. मित्र म्हणाला, पिस्तूल तुझ्याच हातात होतं. आता सांगा, जे आठवतच नाही ते कबूल कसं करायचं? कबुलीला आधी आठवण लागते. म्हणून माझं मत 'झाडाझडती'ला. त्यात घरही आपलं आणि झडती घेणाराही आपणच.

म्हापशेकर
इंग्रजीतल्या मूळ 'कन्फेशन' या शब्दाला चर्चचा वास आहे. आमच्या कोंकणीत त्याला 'कुमसार' म्हणतात. ते पाद्रीच्या कानात करायचं असतं, छापायचं नसतं. तरी छापायची चाल जुनी आहे. टॉमस डी क्विन्सीने अफूच्या सवयीवर 'लंडन मॅगझिन'मध्ये लिहिलं ते १८२१ साली, आणि मथळ्यात हाच शब्द होता. हा गृहस्थ त्याआधी एका साप्ताहिकाचा संपादक होता, म्हणजे तुमच्या लेखात बसतो. फक्त मूळ लेखाला नाव दिलेलं नव्हतं. 'स्वतःच्या नावानिशी' ही तुमची अट त्याला लावलीत तर तो बाद!

शास्त्रीबुवा_नव्हे
'व्यसना'ची थोडी बाजू घेतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवरच आहे. त्यात राजाचं द्यूत-मद्य येतं, तसेच आग, पूर, रोगराई, दुष्काळही येतात. म्हणजे व्यसन हे संकटही होतं, नुसता दुर्गुण नव्हता. मराठीत दुर्गुणच उरला. 'वाचनाचं व्यसन' म्हणतो तेव्हाही लाडाने दुर्गुणच म्हणत असतो.

रात्रपाळी
बुवा, हे छान आहे, पण बाईंच्या वाचकाला 'व्यसनी' म्हटल्यावर कौटिल्य आठवणार नाही, दारूचा गुत्ता आठवेल. 'गर्दुल्ला' तर मथळ्यात नकोच. गर्द म्हणजे फारसीत धूळ. बखरीतलं 'गर्दीस मिळवले' हे त्याच घरातलं. आपल्या वर्तमानपत्रांनी ब्राउन शुगरला 'गर्द' म्हटलं, आणि ओढणाऱ्याला हे तुच्छतेचं शेपूट लावून मोकळे झालो. अवचटांनी गर्दवर लिहिलं, त्यातून १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं; पण ते लेखन दुसऱ्यांच्या नशेबद्दलचं. स्वतःबद्दल नावानिशी लिहिणारा मराठी पत्रकार शोधायला दमछाक होते, म्हणून शब्दही तयार नाही.

असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१७ च्या शैलीपुस्तकात 'व्यसनी' हे नामासारखं वापरू नका, 'व्यसन असलेली व्यक्ती' अशा धर्तीवर लिहा असं सांगितलं. अपवाद ठेवला तो माणूस स्वतःला जे म्हणवून घेईल त्याचा. मराठीत 'व्यसन असलेली व्यक्ती' सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, पण अपवाद मात्र उचलण्यासारखा आहे.

आजचा_दिवस
मी पन्नीवर ओढणारा होतो. नाक्यावर मला गर्दुल्ला म्हणत, घरात 'तो' म्हणत. टर्की लागली की, म्हणजे माल मिळाला नाही की, नाक-डोळे वाहायचे, पायात गोळे यायचे, तेव्हा काय म्हणतात याचं काही वाटायचं नाही. वाटायला लागलं ते सुटल्यावर. आता आमच्या नशा सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये मीच स्वतःला गर्दुल्ला म्हणतो आणि सगळे हसतात. तेच तुम्ही मथळ्यात लिहिलंत तर मी अंक मिटून ठेवीन.

ताई, 'माजी व्यसनी' मात्र लिहू नका. आमच्यात माजी कोणी नसतो. तुमच्या त्या कारचंही तेच ना? चौदाएक वर्षं कोरडी काढून पुन्हा दारूवर गेला होता, नंतर परत सावरला. 'माजी' कुठल्या सालापासून धरणार?

'झाडाझडती' बरोबर आहे. आमच्या मीटिंगांतल्या नशा सोडायच्या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी तीच: वहीत स्वतःचा सगळा हिशेब लिहून काढायचा. मला वही भरायला घेतल्यावर कळलं की अर्ध्या गोष्टी भावालाच विचाराव्या लागणार. त्याने सांगितल्याही. मी त्याची सायकल विकली होती. मला ती चोरीला गेल्याचं आठवत होतं.

सायली_वाचते
दादा, ही सायकल लेखात घेऊ का? नाव-गाव काही न देता.

संपादकांना 'स्वतःची झाडाझडती' कळवलंय. कारसाठी मजकुरात 'नशेतून सुटलेला' लिहितेय, 'सुटणं' तुमच्याच बोलण्यातून घेतलं. एकच अडलंय : 'क्लीन' ला काय म्हणता?

आजचा_दिवस
घ्या की. भावालाही अंक दाखवीन.
क्लीनला क्लीनच म्हणतो. देवनागरीत लिहा, सगळ्यांना कळतं. 'स्वच्छ' लिहिलंत तर लोक विचारतील, आंघोळ करत नव्हता का? (नव्हतोच, पण ते वेगळं.)