चाइम, स्ट्राइक आणि जर्मन 'श्लागेन'

तबकडी: काल एकाने इथे ठोकून दिलं, 'चाइम काय नि स्ट्राइक काय, जर्मनमध्ये सरळ श्लागेन, म्हणजे टोला मारणं, लिहा, घोळ संपला.' अहो, घोळ तिथेच सुरू होतो! घड्याळात पाव तासाला धून वाजते ती चाइम, तासाला मोजून टोले पडतात तो स्ट्राइक. घड्याळांच्या एका कॅटलॉगाच्या जर्मन भाषांतरात मी दोन्ही प्रकारांना 'श्लागउअर', म्हणजे टोल्यांचं घड्याळ, लिहून मोकळा झालो. धुनेच्या आशेने घेतलेली घड्याळं नुसते टोले देऊ लागली, लोकांनी परत पाठवली, आणि सगळी पानं मी फुकट दुरुस्त करून दिली. धुनेच्या घड्याळाला तिकडे 'वेस्टमिन्स्टरश्लाग' लिहितात, ही अक्कल तेव्हा आली.

सरळमार्गी: म्हणजे शेवटी श्लागच ना? मग काल माझं चुकलं कुठे? आणि ती धूनही मुळात लंडनच्या वेस्टमिन्स्टरची नव्हे, केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चची, १७९३ची.

पेठकर: चाइमला ग्लोकनश्पील, म्हणजे घंटांचा खेळ, का नको? गोड शब्द आहे.

श्टुटगार्टची सून: नको! ग्लोकनश्पील म्हटलं की म्युनिकचा मारिएनप्लात्झ चौक डोळ्यापुढे येतो, ४३ घंटा आणि वर नाचणाऱ्या बाहुल्या. दिवाणखान्यातल्या घड्याळाला ते नाव म्हणजे घरगुती सत्यनारायणाला कुंभमेळा म्हणणं. आणि सरळमार्गी, घंटा जागेवर राहून हातोडा पडतो ते श्लागेन, घंटाच झुलते ते लॉयटेन. चर्चच्या प्रार्थनेच्या घंटेवरची तक्रार प्रशासकीय न्यायालयात जाते, वेळेच्या टोल्यांची दिवाणी न्यायालयात. १९९४ साली जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेच तसं ठरवलं. माझी झोप उडवणारे टोले दिवाणी आहेत, एवढंच काय ते समाधान.

पेठकर: टोल्यांचं राहू द्या हो, आधी त्यांची वेळ सांगायची रीत सुधारा. 'हाल्ब त्स्वोल्फ', शब्दशः 'अर्धे बारा', म्हणजे म्हणे साडेअकरा! दातांच्या डॉक्टरने 'फिअर्टेल त्स्वोल्फ', 'पाव बारा', सांगितलं, मी सव्वाबाराला हजर. वेळ सव्वाअकराची होती. दाढ तशीच घेऊन घरी.

श्टुटगार्टची सून: 'द्रायफिअर्टेल त्स्वोल्फ' म्हणजे पावणेबारा, ते बरं चालतं तुम्हाला? आपण अकराला चिकटून बसतो आणि पावणेला एकदम बारावर उडी मारतो. ते अकरा वाजल्यापासूनच बाराव्या तासात असतात. मनोऱ्यातही बघा, पावणेबाराला पाव तासाचे तीन टोले. तीन पाव झाले, हिशेब चोख.

पेठकर: चोख? अख्ख्या जर्मनीत तरी चालतो का हा हिशेब? हाम्बुर्गचा माझा साहेब 'फिअर्टेल नाख एल्फ' म्हणतो, अकरावर पाव. माणसासारखा!

श्टुटगार्टची सून: म्हणजे आम्ही इकडचे माणसं नाही? छान.

तबकडी: अरे, धागा चाइमचा आहे!

सरळमार्गी: बरं बाबा, कॅटलॉगात एकटं श्लागेन पुरत नाही, घ्या. कथेत मात्र घड्याळ 'श्लूग द्राय', तीनचे टोले दिले, असंच म्हणणार.

तबकडी: म्हणा की. तिथे तीनच वाजलेत, धून कुठेय?

पेठकर: दाढेची पुढची वेळ 'हाल्ब फिअर' मिळालीय. साडेतीनच ना? सूनबाई, रागावला असलात तरी एवढं सांगा.