सिॲटल: युनिव्हर्सिटीजवळच्या आर्बोरेटममध्ये आईबाबांना न्यायचंय, सुरुवात कुठून करू?

शेवग्याची_शेंग

नमस्कार मंडळी. आम्ही रेडमंडला राहतो. एप्रिलच्या मध्याला माझे आईबाबा सांगलीहून येतायत, मुक्काम ऑक्टोबरपर्यंत. मागच्या खेपेला स्पेस नीडल, पाइक प्लेस, बोइंगची फॅक्टरी असं सगळं दाखवून झालं. शेवटी बाबा म्हणाले, "काचा आणि सिमेंट पुष्कळ बघितलं, आता जरा झाडंबिडं असतील तिथे ने."

बाबा तलाठी म्हणून रिटायर झाले. झाडांचं वेड पहिल्यापासून. कुठलंही नवीन झाड दिसलं की नाव कळेपर्यंत पाय उचलत नाहीत. आईचं उलट आहे. तिचे गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालेल, पण चढ दिसला की "तुम्ही या जाऊन, मी बसते इथेच."

युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनजवळचं वॉशिंग्टन पार्क आर्बोरेटम, म्हणजे झाडांच्या संग्रहाची बाग, मी आजवर फक्त ५२० हायवेवरून जाताना डावीकडे बघितलंय. नकाशा उघडला तर वाटांचं नुसतं जाळं. तिकीट आहे का? गाडी कुठे लावायची? आईला झेपेल अशी वाट कोणती? टॉयलेटचं काय? आणि डबा नेलेला चालतो ना? आई बाहेरचं खात नाही.

बेलव्ह्यूचा_पेठकर

तिकीट नाही. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत उघडं असतं. आतली जपानी बाग मात्र तिकिटाची आहे, सोमवारी बंद असते आणि हिवाळ्यातही बंद. १९६० साली उघडली, जुकी इइदा नावाच्या जपानी माणसाने आखलेली. साडेतीन एकरच आहे. मधे तळं, त्यात कोई मासे. आईंना तिथे न्या, खूश होतील.

बाकी आर्बोरेटम म्हणजे नुसती झाडं हो. स्पष्ट बोलतो, राग नसावा. एवढा विमानाचा खर्च करून आलेत तर माउंट रेनियर दाखवा. झाडं काय, सांगलीतही आहेत.

माजी_बॉटनी

अगं शेंग, वयाने मोठी आहे म्हणून अगं म्हणते. मी कराडला कॉलेजात बॉटनी शिकवायचे. आता वर्षातले काही महिने लेकीकडे कॅपिटल हिलला असते आणि आर्बोरेटम तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळं बघायचं हे आधी डोक्यातून काढ. २३० एकर आहे ते. जमीन शहराची, झाडांचा संग्रह युनिव्हर्सिटीने सांभाळायचा, असा करार १९३४ पासून आहे. बागा आखणाऱ्या ऑल्मस्टेड ब्रदर्स कंपनीने १९३६ मध्ये आराखडा केला तो वनस्पतींच्या कुळांप्रमाणे. म्हणजे मॅपल एकीकडे, ओक दुसरीकडे, होली आणखी तिसरीकडे. एका फेरीत सगळं उरकायला गेलात तर आईंचे गुडघे जातील आणि बाबांच्या लक्षात एकही झाड राहणार नाही. सहा महिने आहेत ना ते? मग एका वेळी एक तुकडा घ्या.

पहिल्या वेळी ग्रॅहम व्हिजिटर सेंटरला जा. ते उत्तर टोकाला आहे. गाडी तिथेच लाव, पैसे पडत नाहीत. शनिवार-रविवारी ऊन पडलं की जागा मिळायची आशा सोडायची, त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी जमलं तर बघ. गाडीत पर्स, पिशवी, लॅपटॉप काही दिसेल असं ठेवू नकोस. इथल्या कुठल्याही पार्किंगला हे लागू आहे. टॉयलेट सेंटरपाशी आहे, निघण्याआधीच आईंना जाऊन यायला सांग. आतमध्ये हॉटेल वगैरे नाही, तेव्हा डबा न्यायचाच. धपाटे न्या, दही सांडतं.

सेंटरपासून दक्षिणेला जपानी बागेच्या दिशेने अझेलिया वे जाते. पाऊण मैलाची, रुंद, सपाट, सरळसोट गवताची वाट. बागेत इतकी सरळ वाट कशी, हा प्रश्न बाबांना पडेलच. १९०९ च्या सुमाराला तिथे घोडागाड्या पळवायचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना अझेलियाची फुलझुडपं, डॉगवूड, चेरी. अझेलियाचा खरा भर एप्रिलअखेरपासून मे महिन्यात असतो. एप्रिलात मात्र गवत ओलं आणि खाली चिखल असतो, आईंना चपला घालून नेऊ नकोस. फारच ओलं असेल तर शेजारचा लूप ट्रेल धरा. तो दोन मैलांचा पक्का रस्ता आहे, २०१८ मध्ये खुला झाला, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. पूर्ण करायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. आई दमल्या की वळायचं.

आता पेठकरांच्या "नुसती झाडं" बद्दल.

तिथल्या झाडांना टॅग असतात. बहुतेक लोक वरचं नाव वाचतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. नावाखाली एक आकडा असतो, मधे आडवी रेघ. रेघेनंतरचे दोन अंक म्हणजे साल. समजा ४८ असेल, तर त्या झाडाचं बी किंवा कलम १९४८ मध्ये इथल्या नोंदवहीत चढलं. शेवटी एखादं अक्षर असेल तर त्या खेपेतलं नेमकं कुठलं झाड ते कळतं. कोणतं झाड नकाशाच्या कोणत्या चौकटीत उभं आहे, हेही युनिव्हर्सिटीकडे नोंदलेलं असतं. शेंगे, तुझे बाबा तलाठी होते ना? हा त्या झाडाचा सातबाराच आहे. त्यांना एकदा वाचायला शिकव आणि बाजूला हो. पुढचं ते बघून घेतील.

ऱ्होडोडेंड्रॉनपाशी गेलात की फुलांवरून नजर काढून पान हळूच उलटं धरून बघा, तोडायचं नाही. काही जातींच्या पानाखाली तांबूस-तपकिरी लव असते, बोट फिरवलं की जाड मखमल लागते. शेजारच्याच दुसऱ्या जातीचं पान खालून अगदी गुळगुळीत निघतं. हिमालयातून आणि चीनमधून आलेल्या कितीतरी जाती तिथे आहेत. आपल्याकडे उत्तराखंडात बुरांश म्हणतात ते याच घराण्यातलं. आई बाकावर बसलेल्या असतील तरी हाताशी येतील इतक्या खाली पानं असतात.

बाबांना देवदार बघायचा असेल तर पाइनेटम, म्हणजे सूचिपर्णी झाडांचा भाग, लेक वॉशिंग्टन बुलेव्हार्ड या रस्त्याच्या पश्चिमेला आहे. त्या बाजूला विटांच्या कमानींचा विलकॉक्स पूल लागतो, १९११ चा. लोक त्याच्यासमोर लग्नाआधीचे फोटो काढतात. त्या पुलाच्या पोटातून शहराची सांडपाण्याची पाइप जाते, मुळात त्यासाठीच तो बांधला. फोटो काढणाऱ्यांना मी हे सांगत नाही.

हस्की_नाशिककर

काकू, पुलाचं माहीत नव्हतं, आमचा ग्रुप फोटो तिथलाच आहे 😂

मी यूडब्ल्यूत, म्हणजे याच युनिव्हर्सिटीत, मास्टर्स करतोय. गाडी नसेल त्यांच्यासाठी: लाइट रेलने युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन स्टेशन, ते हस्की स्टेडियमला लागूनच आहे. तिथून मॉंटलेक पूल ओलांडून व्हिजिटर सेंटरपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. बोट आली की पूल उघडतो, तेव्हा थांबावं लागतं. आईंसाठी हा रस्ता नको, पण बाबांना आवडेल.

फॉस्टर आयलंडची वाट पाण्यातून, पाणथळीतून जाते. तिथे कासवं आणि बगळे हमखास. मूळ रहिवाशांची ती दफनभूमी होती, त्यामुळे तिथे आरडाओरडा नको. ५२० च्या कामामुळे वाट कधी बंद कधी चालू असते, निघायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या साइटवर बघा. स्टेडियममागे युनिव्हर्सिटीची कनू (वल्ह्याची छोटी होडी) भाड्याने मिळते, तिच्यातून पलीकडे आर्बोरेटमच्या कडेपर्यंत जाता येतं. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला, पाणी उन्हाळ्यातही गार असतं.

आणि आमच्या क्वाडमधली, म्हणजे कॅम्पसमधल्या चौकातली, ती फेमस चेरीची झाडं आहेत ना, ती मुळात आर्बोरेटममधली. १९३० च्या दशकात तिथे लावली होती. ५२० चा रस्ता आडवा आला म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उचलून कॅम्पसवर आणली. तुमचे आईबाबा येईपर्यंत बहर संपलेला असेल.

माजी_बॉटनी

नाशिककर, बरी आठवण केलीस. ५२० ने उत्तरेचा बराच तुकडा खाल्ला. त्यानंतर आर्बोरेटममधूनच आणखी एक एक्सप्रेसवे न्यायचा होता, आर. एच. थॉमसन नावाचा. लोकांनी आंदोलन केलं आणि १९७२ मध्ये मतदान घेऊन तो रद्द करायला लावला. त्याचे अर्धवट बांधलेले, कुठेच न जाणारे रॅम्प कित्येक वर्षं तसेच लोंबकळत होते, पोरं त्यावरून तळ्यात उड्या मारायची. आता बरेचसे पाडलेत. पेठकर, "नुसती झाडं" वाचवायला गाव मतदानाला गेलं होतं बरं का.

बेलव्ह्यूचा_पेठकर

मान्य, मान्य. पण मे महिन्यात अझेलिया आणि नंतर? जून ते ऑक्टोबर काय बघणार?

माजी_बॉटनी

जुलै-ऑगस्टमध्ये सावली. ते काय कमी आहे? उन्हं तापली की दक्षिण टोकाच्या पॅसिफिक कनेक्शन्सकडे जा. न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलिया, चीन आणि इथला कॅस्केडिया अशा पाच प्रदेशांच्या वनस्पती तिथे आहेत. चिलीचं मंकी पझल एकदा बघा, फांदीवर सगळीकडे टोकदार खवले, माकडानेही विचार करावा असं झाड.

ऑक्टोबरात मात्र चुकवू नका. वुडलँड गार्डनमध्ये दोन तळ्यांच्या भोवती जपानी मॅपल आहेत, लाल म्हणजे किती प्रकारचे लाल ते तिथे कळतं. शिवाय कत्सुरा. त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली की झाडाखाली करपलेल्या साखरेचा वास येतो. वाळत्या पानातल्या माल्टॉल नावाच्या द्रव्यामुळे. वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. कुठे उभं आहे ते सेंटरमध्ये विचारा, नकाशावर खूण करून देतात.

शेवग्याची_शेंग

काकू, किती छान लिहिलंत! टॅगचं बाबांना आत्ताच फोनवर सांगितलं, त्यांनी वही काढून ठेवली म्हणे. एकच प्रश्न राहिला. आई रोज पूजा करते, फुलं दिसली की हात पुढे जातोच तिचा. खाली पडलेली घेतली तर चालतील?

माजी_बॉटनी

तोडायचं तर अजिबातच नाही. पडलेलंही तिथेच राहू दे. फूल, पान, बी, पाइनचं बोंड, काही उचलायचं नाही. आईंना आधीच सांग, तिथे सगळ्यांसमोर टोकलं तर त्यांना वाईट वाटेल. पूजेला ट्रेडर जोमधून फुलं आण, स्वस्त मिळतात. आणि ते येतील तेव्हा मला निरोप टाक. मी सकाळी तिथेच असते. बाबांना ओकचा भाग दाखवायला मी नेईन, तोवर तुम्ही दोघी धपाटे उघडा.