फुलांवर येणारं सगळंच मधमाशी नसतं ना? ओळखायचं कसं?

गच्चीतली_तुळस (राजारामपुरी)
नमस्कार मंडळी. आमच्या गच्चीवर तुळस, झेंडू, वांगी, टोमॅटो, दोन गुलाब आणि दुधीचा एक वेल एवढाच पसारा. लेक सातवीत आहे, तिला शाळेतून प्रोजेक्ट मिळालाय, फुलांवर येणारे कीटक बघून वहीत नोंदी करायच्या. आता होतंय काय की सकाळी शाळेच्या आधी आम्ही दोघी वर जातो आणि जे काय उडतंय त्याच्यापुढं "मधमाशी" लिहून खाली येतो, पण मला ते काय पटेना, कारण एक पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बारकी माशी तुळशीच्या मंजिरीसमोर हवेत एका जागी थांबते, झटकन बाजूला सरकते, परत थांबते, मधमाशी असं करते का? वांग्याच्या फुलावर निळसर पट्ट्यांची एक येते, तिचा आवाज तर असा की पोरगी दोन पावलं मागं सरते. आणि दुधीकडं सकाळभर कोणच फिरकत नाही, बारके दुधी पिवळे पडून गळायला लागलेत. सासूबाई म्हणतात औषध मारा. मोबाईलवर फोटो काढावा तर नुसता धूसर ठिपका येतोय. दिवाळीच्या सुट्टीआधी वही द्यायचीय, कुणीतरी सांगा प्लीज.

निवृत्त_विज्ञानवाला
ताई, हवेत थांबणारी ती मधमाशी नाहीच, ती सिरफिड माशी, इंग्रजीत हॉवरफ्लाय. तिला नांगी नसते, हातावर बसली तर बसू द्या. पट्टे मधमाशीसारखे असल्यामुळं पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, एवढाच त्या सोंगाचा फायदा. पुस्तकात लिहितात माशीला दोन पंख, मधमाशीला चार, खरं आहे, पण मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात त्यामुळं ते मोजायच्या भानगडीत पडूच नका, सरळ तोंड बघा. माशीचे डोळे डोकंभर आणि मिशा अगदी आखूड, मधमाशीच्या मिशा लांब आणि मधेच वाकलेल्या. मागच्या पायावर परागाची गोळी चिकटलेली दिसली तर मग शंकाच नको.

नोंदीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये हौशी लोक एक पद्धत वापरतात ती मला आवडते. 50 सेंमी बाय 50 सेंमीचा चौकोन ठरवायचा, त्यातली एकाच जातीची फुलं मोजायची आणि 10 मिनिटं फक्त तिथंच बघत राहायचं, फुलाला टेकलेला प्रत्येक कीटक गटानं लिहायचा. मधमाशी, भुंगा, माशी, फुलपाखरू, मुंगी, बास. नाव येत नसेल तर "बारकी काळी माशी" लिहिलं तरी चालतं. फोटोच्या मागं लागण्यापेक्षा तो कीटक फुलावर काय करतोय ते लेकीला लिहायला सांगा. रस पितोय की पराग गोळा करतोय? मोठा काळा भुंगा तर कधी कधी लांब नळीच्या फुलात तोंड न घालता बाहेरून देठाकडं चीर पाडून रस चोरतो, पराग तसाच राहतो. असलं काही वहीत आलं तर बाई खूश होतील बघा.

करवीरचा_गडी
सरांनी सांगितलंय ते बरोबर हाय. वांग्यावरची निळ्या पट्ट्यांची ती पण मधमाशीच्याच जातकुळीतली म्हणा, पण एकटी राहणारी, तिचं मोहोळ नसतंय. आवाजाला भिऊ नका, आवाज हेच तिचं काम. वांग्याच्या फुलातल्या पिवळ्या केसरांना टोकालाच भोक असतंय, पराग आत कोंडलेला. ही बया केसराला मिठी मारून अंग थरथरवती आणि पराग तिच्या पोटावर सांडतोय. मध देणाऱ्या माश्यांना हे जमत न्हाई. टोमॅटोला पण तेच. दिवस मावळताना वाळलेल्या काड्या बघा, यातले नर जबड्यानं काडी धरून लटकून झोपत्यात, तेव्हा फोटो काढा की, हलत न्हाईत.

आता दुधीचं. सकाळी वाट बघून काय मिळणार, दुधीचं पांढरं फूल उमलतंय संध्याकाळी आणि सकाळपर्यंत मान टाकतंय. त्याला रातचे पतंग लागत्यात. दोडक्याचं पण संध्याकाळचंच, भोपळा आणि घोसाळं मात्र सकाळी. शहरात गच्चीवर पतंग कमी, म्हणून फळ धरत न्हाई. ज्या फुलाच्या मागं बारका दुधी दिसतोय ती मादी. उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला भाग मादीच्या फुलात हलक्या हातानं फिरवायचा. लाईट लावून जेवणाआधी करा.

शाहूपुरी_गार्डन
मी तर म्हणेन थोडं निंबोळी तेल मारून घ्याच, मावा असणार नक्की. संध्याकाळी मारलं की माश्या नसतात, काय प्रॉब्लेम येत नाही.

करवीरचा_गडी
भावा, संध्याकाळी माश्या नसत्यात हे वांग्याला खरं, दुधीला संध्याकाळीच तर गिऱ्हाईक येतंय. आणि मावा दिसला तरी आधी पान उलटं करून बघा. माव्यात पाय नसलेली हिरवट बारकी अळी वळवळताना दिसली तर ती त्या सिरफिडचीच पिल्लं, मावा खाऊन साफ करत्यात. तेल मारलंस तर अळी आधी जाईल आणि मावा परत येईल. लईच झाला तर पाण्याचा फवारा मारून पान धुवायचं.

शाहूपुरी_गार्डन
बरं बाबा, पाणीच मारतो. पण घरी मिलीबग (पांढरा पिठ्या ढेकूण) झालाय त्याला पाण्यानं काय होत नाही हे पण लिहून ठेव 😄

गच्चीतली_तुळस (राजारामपुरी)
दोघांचे पण खूप आभार. काल संध्याकाळी दुधीला ब्रश न घेता तसंच नर फूल फिरवलं, बघू आता. अजून एक, गुलाबाच्या पानांना कडेनं अगदी गोल गोल कापलंय, कंपासनं काढल्यागत. अळी कुठं दिसेना. हे पण वहीत लिहायचं का किडीत धरायचं?

निवृत्त_विज्ञानवाला
वहीतच लिहा, आणि पान सुकवून चिकटवा. ही पानकापी मधमाशी. ती पान खात नाही, तुकडा घेऊन जाते आणि पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात त्याची पुडी करून आत अंडं घालते. हिचा पराग पायावर नसतो, पोटाखाली असतो, झेंडूवर उताणी झाल्यासारखी शेपूट वर करून फिरते तेव्हा पिवळं पोट स्पष्ट दिसतं. दुपारी 11 ते 1 च्या दरम्यान बघा, सकाळी सातला गच्ची गार असते तेव्हा ती बाहेर निघत नाही. गुलाबाला काही होत नाही, दोन पानं गेली तर गेली.