हॉटेलातली धूम्रपानाची खोली: ही सवलत आता काढायला नको का?

कसबेकर
मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक जागी सिगारेट-बिडी ओढायला मनाई केली. मग २००३ चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. पण एक पळवाट राहिलीच. तीस किंवा जास्त आसनांच्या हॉटेलला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. २०२१ च्या सुरुवातीला केंद्रानं ही सवलत काढणारा मसुदा हरकतींसाठी मांडला होता, पुढे त्याचा कायदा झाला नाही. तो व्हायला हवा.

आमच्या भागातल्या एका परमिट रूममध्ये काचेच्या दारामागे अशी खोली आहे. दार उघडलं की लोट थेट बाहेरच्या टेबलांवर. ॲशट्रे रिकामे करायला जो पोरगा आत-बाहेर करतो, तो स्वतः ओढत नाही. गिऱ्हाईक दोन सिगारेटी संपवून घरी जातं, हा मात्र हॉटेल बंद होईपर्यंत तिथंच. आणि जळत्या टोकातून निघणारा धूर कुठल्याच फिल्टरमधून गेलेला नसतो. त्याच्या छातीत तोच जातो.

मुक्तछंद
साफ असहमत. सिगारेट वाईट, हे मान्य. पण दुसऱ्याच्या धुरानं फुप्फुसाचा कर्करोग वीस-तीस टक्के वाढतो म्हणतात, तो कशाच्या? न ओढणाऱ्याला मुळातच धोका फार थोडा असतो. शिवाय हे आकडे वर्षानुवर्षं ओढणाऱ्यासोबत संसार केलेल्यांचे आहेत. २००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कॅलिफोर्नियातला मोठा अभ्यास आला, त्यात तर ठोस संबंध सापडलाच नव्हता.

वेगळी खोली इतरांना त्रास होऊ नये म्हणूनच आहे ना? त्या खोलीत काही वाढायलाही २०१७ पासून बंदी आहे. ती पाळली जात नसेल तर मालकाला धरा. खोली काढलीत तर हीच माणसं फुटपाथवर उभी राहतील, जिथून शाळेची मुलं जातात.

वॉर्ड नंबर पाच
मी हृदयरोग विभागात नर्स आहे, म्हणून लिहिते. कॅलिफोर्नियाच्या त्या अभ्यासाला तंबाखू उद्योगाचे पैसे होते. त्या काळी ऑफिसात, बसमध्ये, सगळीकडेच धूर असायचा. मग 'धूर न लागलेले' म्हणून तुलनेला घेतले ते कोण?

आणि तुम्ही कर्करोगापाशीच थांबलात. दुसऱ्याच्या धुरानं हृदयविकाराचा धोकाही पंचवीस-तीस टक्के वाढतो, आणि हृदयविकार आपल्याकडे थोडा थोडका नाही. हा धूर रक्त चिकट करतो, रक्तवाहिनीचं अस्तर बिघडवतो आणि त्याला वर्षं लागत नाहीत. स्कॉटलंडनं मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत बंदी आणली. पाहणीतल्या नऊ रुग्णालयांत हृदयाच्या तीव्र झटक्यानं येणारे रुग्ण वर्षभरात १७ टक्के घटले. कधीच न ओढणाऱ्यांत २१ टक्के! इंग्लंडमध्ये तेव्हा बंदी नव्हती, तिथली घट ४ टक्के.

मुक्तछंद
हृदयाचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर वाद घालत नाही. पण मग खरी जागा घर आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशात ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. तिथं कोणता कायदा नेणार? महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि मळून, चघळून खाणारे २४.४! एवढी ताकद हॉटेलच्या खोलीवर कशाला?

माजघर
घराचं मी सांगते. वन रूम किचनमध्ये सासरे मोरीपाशी बसून बिडी ओढायचे. खिडकी उघडी असायची, तरी पाळण्यावरच्या दुपट्याला वास यायचा. बाळाची छाती सारखी भरायची. मामंजींना तोंडावर बोलायची माझी टाप नव्हती. पण एसटी स्टँडवर त्यांना दंडाची पावती फाडावी लागली, तेव्हा यांना विषय काढता आला. "अप्पा, स्टँडवर चालत नाही ते पाळण्याजवळ कसं चालेल?" त्या दिवसापासून बिडी गॅलरीत गेली. बाहेरची बंदी घरात अशी येते, मुक्तछंद.

कसबेकर
माजघर, हेच म्हणायचं होतं मला.

मुक्तछंद, फुटपाथचा मुद्दा खरा आहे, शाळेभोवतीची शंभर यार्डांतली विक्रीबंदीसुद्धा कुणी पाळत नाही. पण उघड्यावर धूर पांगतो, काचेच्या खोलीत कोंडतो. दोनशे रुपये दंडाचं मालकाला काहीच वाटत नाही. २०२१ च्या मसुद्यात तो दोन हजार होता. निदान तेवढ्याला तरी तुमची हरकत आहे का?

मुक्तछंद
मालकावर असेल तर नाही. गिऱ्हाइकावर असेल तर आहे, कारण तो पावतीविना हवालदाराच्या खिशात जाईल. खोलीबाबत माझं मत अजून तेच आहे.